डोंगरातल्या ब्लॉगवाल्यांशी पत्रव्यवहार

२०१३च्या आसपास सह्याद्रीतल्या एखाद्या आडबाजूच्या किल्ल्यावर जायचं ठरलं, की पुण्या-मुंबईचा माणूस तीन ठिकाणी शोधायचा. घरात असलंच तर आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ काढायचा, ट्रेकक्षितिजच्या संकेतस्थळावर त्या किल्ल्याचं पान उघडायचा, आणि मग गूगलवर किल्ल्याचं नाव टाकून कुणाच्या तरी ब्लॉगवर जाऊन पोचायचा. पुस्तकात डोंगररांगांची नीट मांडणी मिळे, संकेतस्थळावर जायचं कसं आणि राहायचं कुठे ते कळे. पण मुक्कामाची एसटी हल्ली येते का, मार्चमध्ये टाक्यात पाणी उरतं का, ढोरवाटांच्या जाळ्यातून खरी वाट कोणत्या झाडापाशी सुटते, हे ब्लॉगवालाच सांगे. हे लोक आठवडाभर बँकेत, कॉलेजात, आयटी कंपनीत नोकरी करत. शनिवारी रात्री सॅक पाठीला लावून निघत आणि सोमवार-मंगळवारी जेवणं झाल्यावर लिहायला बसत. ‘भाग १’, ‘भाग २’ असे लेख, मध्ये पन्नासेक फोटो, खाली ‘मस्त!’, ‘पुढच्या वेळी मलाही सांगा’ अशा प्रतिक्रिया. कुणी त्यांना पैसे देत नव्हतं, आणि बहुतेकांना ते कुणी द्यावेत असंही वाटत नव्हतं.

आम्हाला गाठायचे होते ते हेच लोक. कोथरूडमधल्या दोन खोल्यांत आमचं एक अँड्रॉइड अ‍ॅप तयार होत होतं. किल्ल्यांच्या वाटांचे नकाशे फोनमध्ये आधीच भरून ठेवायचे, म्हणजे डोंगरात रेंज नसली तरी आपण कुठे उभे आहोत ते जीपीएसवर दिसेल, एवढीच त्याची कल्पना. दोघं तरुण भागीदार होते. एकाने गार्मिनचं यंत्र घेऊन वाटा चालून नोंदवल्या होत्या, दुसऱ्याने प्रोग्राम लिहिला होता. मी त्याआधी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक. ‘ताई, प्रसिद्धीचं तुम्ही बघा’ एवढ्या वाक्यावर माझी नेमणूक झाली. जाहिरातीला पैसे नव्हते. माझी स्वतःची डोंगरातली मजल सिंहगडापर्यंत, तीही पिठलं-भाकरीच्या ओढीने. हे मी कुणापासून लपवलं नाही, आणि पुढे त्याचा उपयोगच झाला.

डेस्कवर बसलेल्या माणसाला प्रेसनोट कशी दिसते, हे मला चांगलं ठाऊक होतं. दुपारी चारनंतर ढीग यायचा. ‘भारतात प्रथमच’, ‘क्रांतिकारी’, ‘सर्वांगसुंदर’. पहिल्या वाक्यात अध्यक्षांचं नाव, दुसऱ्यात प्रमुख पाहुण्यांचं, आणि झालं काय ते चौथ्या परिच्छेदात. तरीही त्यातल्या काही छापून यायच्या, कारण वर्तमानपत्राला रोज पानं भरायची असतात. जाहिरात ऐनवेळी रद्द झाली की दोन इंचांची जागा उरते आणि तिथे एखादी सुमार प्रेसनोटसुद्धा ‘संक्षिप्त’मध्ये खपून जाते. ब्लॉगवाल्याला भरायला कुठलीच जागा नसते. त्याने महिनाभर काही लिहिलं नाही तरी कुणाचं अडत नाही. म्हणजे आमच्या अ‍ॅपवर लिहिण्याची त्याला कसलीच गरज नव्हती. हे डोक्यात पक्कं बसल्यामुळे ब्लॉगवाल्यांसाठी मी प्रेसनोट लिहिलीच नाही.

प्रोग्रामर भागीदाराचं मत वेगळं होतं. त्याने अमेरिकेतल्या अ‍ॅपवाल्यांचे सल्ले वाचले होते. बातमी एखाद्या मोठ्या ब्लॉगला सगळ्यांच्या आधी द्यायची, बाकीच्यांना ‘अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत छापू नका’ असं बंधन घालायचं, मग एका सकाळी सगळीकडे एकदम गाजावाजा. या बंधनाला तिकडे एम्बार्गो म्हणतात, आणि ते इतक्या वेळा मोडलं जायचं की टेकक्रंच या ब्लॉगच्या मायकेल आरिंग्टन यांनी २००८च्या डिसेंबरातच ‘यापुढे आम्ही एम्बार्गो पाळणार नाही’ असं जाहीर करून टाकलं होतं. आमच्याकडे तर प्रश्नच वेगळा. ट्रेकवर लिहिणाऱ्याचा लेख कधी येणार हे पाऊस, सुट्टी आणि घरातलं लग्नकार्य ठरवतं. त्याला मंगळवारी सकाळी नऊची वेळ कशी द्यायची? योरस्टोरी, मीडियानामा, पुण्यातलं पुणेटेक अशी इथली ठिकाणंही तो सुचवायचा. ती चांगलीच होती. पण तिथला वाचक कंपनी कुणी काढली आणि पैसा कुणी घातला हे वाचायला येतो. आमचा वाचक रतनगडाहून उतरताना साम्रदची वाट चुकलेला होता.

मग एक तक्ता केला. त्यात ब्लॉगचं नाव आणि ईमेल शेवटच्या रकान्यांत होतं. आधीच्या रकान्यांत या माणसाने शेवटचं काय लिहिलं, किल्ले की घाटवाटा की नुसते धबधबे, वाट सांगतो की इतिहास, एकटा जातो की संस्थेबरोबर, असं. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना फोनचा. फोटोसोबत कॅमेऱ्याचं किंवा फोनचं मॉडेल नोंदलेलं असतं. पिकासाच्या अल्बममध्ये ते सहज दिसायचं. डीएसएलआरवाल्यांचा पत्ता लागायचा नाही, पण बाकीच्यांपैकी कुणाकडे नोकिया, कुणाकडे गॅलेक्सी वाय, कुणाकडे नवीकोरी मायक्रोमॅक्स कॅनव्हास, हे कळायचं. नोकियावाल्यांना लिहून उपयोग नव्हता. गॅलेक्सी वायवर अँड्रॉइड २.३, म्हणजे देवनागरीची मारामार. त्या काळच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरं सुटी पडत, वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडे, काहींवर नुसते चौकोन. लोक ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरांऐवजी चित्रं मागवण्याची युक्ती करत आणि मराठी ब्लॉग वाचत. अशा फोनवर आमचं मराठी अ‍ॅप पाठवणं म्हणजे स्वतःच्या हाताने चौकोन दाखवणं. म्हणून अँड्रॉइड ४.१ किंवा पुढचं असलेल्यांना आधी लिहायचं, आणि बाकीच्यांसाठी गावांची आणि किल्ल्यांची नावं नकाशावर चित्र म्हणूनच छापायची, असं ठरलं. प्रोग्रामर भागीदार चिडला होता, कारण त्याने नकाशा फुगत होता आणि गूगल प्लेवर अ‍ॅपच्या फाइलला तेव्हा ५० एमबीची मर्यादा होती. शेवटी नाशिक, पुणे, रायगड असे नकाशांचे वेगळे गठ्ठे झाले.

पत्र मराठीत आणि प्रत्येकाला वेगळं. एकाने जीवधनवर लिहिलं होतं: घाटघरकडून चढून कल्याण दरवाजाने नाणेघाटाच्या बाजूला उतरल्याची हकीकत, वानरलिंगीच्या सुळक्याचे सुंदर फोटो. आमच्या नोंदीत फक्त घाटघरची वाट होती. त्याला मी तेवढंच लिहिलं: आम्ही असं अ‍ॅप करतो आहोत, त्यात तुम्ही उतरलात ती वाट नाही, ती सध्या कितपत वापरात आहे? अ‍ॅप बघायचं असेल तर पाठवते. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अ‍ॅपबद्दल त्यात एक ओळही नव्हती. कल्याण दरवाजाच्या पायऱ्या कुठे ढासळल्यात, दोर कुठे लावावा आणि पावसाळ्यात तिकडून का जाऊ नये, यावर दोन पानं. शेवटी ‘अ‍ॅप पाठवा’.

पाठवायची पण गंमत. आयफोनसाठी अ‍ॅप करणाऱ्यांना ओळखीच्या लोकांना फुकट प्रत देण्यासाठी अ‍ॅपल कोड देतं. प्लेवर ती सोय २०१६मध्ये आली. आमचं अ‍ॅप ५० रुपयांचं, कारण प्लेवर भारतात विकायच्या अ‍ॅपची तेव्हाची ती किमान किंमत होती. ज्याने लिहावं अशी अपेक्षा, त्यालाच क्रेडिट कार्ड काढायला सांगणं बरं दिसत नाही. म्हणून ड्रॉपबॉक्सवर एपीके फाइल ठेवायची आणि फोनवरून समजावायचं: सेटिंगमध्ये जा, ‘अननोन सोर्सेस’ला खूण करा, फोन घाबरवणारी सूचना दाखवेल, घाबरू नका. एका बँकेतल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘मॅडम, हेच मी रोज ग्राहकांना करू नका म्हणून सांगतो. मी का करू?’ त्यांना भेटून भागीदाराच्या फोनवर अ‍ॅप दाखवलं.

उत्तरांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: वर रेंज नसते, मग हे चालणार कसं? चांगले शिकलेले, नकाशे वाचणारे लोक विचारत होते. त्यांचंही खोटं नव्हतं, कारण शहरात जीपीएस आणि इंटरनेट फोनमध्ये हातात हात घालूनच फिरतात. मी प्रोग्रामरला बसवून स्वतः समजून घेतलं. उपग्रह बोलतो, फोन फक्त ऐकतो. फोनला वर काहीच पाठवायचं नसतं, म्हणून रेंज लागत नाही. पण उपग्रहाचं बोलणं अतिशय संथ, सेकंदाला ५० बिट. स्वतः नेमका कुठे आहे ही माहिती प्रत्येक उपग्रह दर तीस सेकंदांनी सांगतो आणि ती सलग ऐकू यावी लागते. सगळ्या उपग्रहांचं एकत्र वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं जातात. शहरात फोन हेच सगळं इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, म्हणून आपल्याला वाटतं की जीपीएस लगेच लागतो. कड्याखाली, दाट कारवीत, अर्धं आकाश झाकलेलं असताना हे बोलणं पुन्हा पुन्हा तुटतं आणि माणूस म्हणतो, अ‍ॅप बंद पडलं. यातून एक साधी सूचना निघाली: पायथ्याच्या गावाच्या अलीकडे, रेंज असतानाच जीपीएस चालू करा. आमच्या अ‍ॅपवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी ही सूचना स्वतःच्या भाषेत लिहिली. मला वाटतं, त्या लेखांतला वाचकांना सर्वांत उपयोगी पडलेला भाग तोच.

त्या जुलैत मी मुलुंडला गिरिमित्र संमेलनाला गेले. महाराष्ट्र सेवा संघाच्या सभागृहात दर पावसाळ्यात गिर्यारोहणातली मंडळी जमतात; २००२पासूनची ही परंपरा. तिथे कुणी माझ्याशी अ‍ॅपबद्दल बोलावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. मी चेहरे बघायला गेले होते. ईमेलवर तिरसट वाटणारा एक जण समोर बसून वडापाव खाताना फारच लोभस निघाला. तो ओपनस्ट्रीटमॅपवर रात्री रात्री गावरस्ते भरणारा होता, आणि त्याची तक्रार सरळ होती: तुमच्या नकाशाचा पाया आमच्यासारख्यांनी फुकट भरलेला आहे, त्याचं श्रेय तुम्ही ‘माहिती’च्या पानावर खाली घातलंय, ते नकाशाच्या कोपऱ्यातच दिसायला हवं. ओपनस्ट्रीटमॅपच्या अटी तसं सांगतातही. परत आल्यावर कोपऱ्यात ओळ आली. त्याने पुढे आमच्यावर लिहिलं, आणि त्या लेखाची सुरुवात अ‍ॅपने न होता ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गावची वाट कशी भरावी याने झाली होती. अ‍ॅप आठव्या परिच्छेदात. भागीदारांना वाटलं, आपण मागे पडलो. मला तो लेख आवडला. त्या आठव्या परिच्छेदापर्यंत पोचलेला वाचक नकाशा वाचणाराच असणार.

सगळ्यात लांबलेला पत्रव्यवहार झाला तो आमच्यावर कधीच न लिहिलेल्या माणसाशी. वयाने साठीच्या पुढचे, मुंबईच्या एका उपनगरात राहणारे, गावोगावच्या वाटाड्यांना नावाने ओळखणारे. ब्लॉगवर वर्षाला चार-पाचच लेख, पण बाकीचे सगळे ब्लॉगवाले या काकांना मानत. त्यांनी अ‍ॅप वापरून बघितलं, आठवड्याने फोन केला आणि म्हणाले, ‘ताई, काम चोख आहे. पण मी यावर लिहिणार नाही.’

मी कारण विचारलं तेव्हा ते अर्धा तास बोलले. वाट माहीत नसली की आपण वाडीत थांबतो. कुणाच्या तरी ओसरीवर बसतो, पाणी मागतो. घरातला एखादा मुलगा सोबत येतो, त्याला दिवसाचे पैसे मिळतात; एप्रिल-मेमध्ये त्या पैशांना वाडीत फार अर्थ असतो. आणि आपण वर गेलोय हे खाली चार माणसांना माहीत असतं. संध्याकाळी खाली उतरलो नाही तर कुणीतरी बॅटरी घेऊन निघतं. ‘फोनला वाट विचारून गेलेल्या माणसाचं नावसुद्धा वाडीत कुणाला ठाऊक नसतं,’ ते म्हणाले. ‘त्याचा पाय मोडला तर शोधायचं कुठे?’

याला प्रसिद्धीच्या पुस्तकात उत्तर नाही. मी आमच्या दोघांना जसंच्या तसं सांगितलं. ट्रेकर भागीदार गप्प झाला, कारण त्याने त्या वाटा नोंदवल्या होत्या त्या अशाच मुलांच्या मागून चालत. मग पावसाळा ओसरल्यावर तो पुन्हा पायथ्याच्या गावांत गेला, सोबत येणाऱ्या वाटाड्यांची नावं आणि नंबर त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने घेऊन आला. किल्ल्याचं पान उघडलं की नकाशाच्याही आधी ते नंबर आणि ‘गावात सांगून जा’ ही सूचना येईल असं केलं. नवी आवृत्ती मी काकांना पाठवली. त्यांनी बघितली, दोन वाटाड्यांच्या नावांचं शुद्धलेखन सुधारून दिलं, एकाचा नंबर बदललाय ते कळवलं. लिहिलं मात्र नाही. ‘मी लिहिलं की लोक माझ्या शब्दावर जातील. माझा शब्द मी माणसांना देतो, यंत्राला नाही.’ यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलेलं होतं, आणि अजूनही अर्धंच पटतं. रस्ता चुकून रात्रभर कारवीत बसलेल्या पोरांची बातमी मीही डेस्कवर असताना लावलेली होती.

आणि मग कोकणकडा. एका ब्लॉगवाल्याने लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं की या अ‍ॅपमध्ये कोकणकडा चालत उतरता येतो. सोबत आमच्या नकाशाचा फोटो. हरिश्चंद्रगडाचा हा कडा किती सरळ, किंबहुना आत वळलेला आहे, ते तिथे पालथं पडून खाली डोकावलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या नकाशात तिथे समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, एकमेकींजवळ आल्या होत्या, पण एकीवर एक चढल्या नव्हत्या. दिसत होता तो एक तीव्र उतार. कारण असं की या रेषा आम्ही काढल्या होत्या त्या फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने मोजलेल्या उंचीवरून, आणि भारतासाठी ती मोजणी तेव्हा साधारण दर ९० मीटरला एक बिंदू एवढीच खुली होती. दोन बिंदूंच्या मध्ये कडा असला तरी संगणक त्यांना सरळ उताराने जोडून टाकतो. सगळा घाटमाथा अशा कड्यांनी भरलेला.

लेख बोचरा होता आणि खरा होता. प्रोग्रामर भागीदार म्हणाला, त्यांना फोन करून शीर्षक तरी बदलायला सांगा. मी नाही म्हटलं. बातमी मागे घ्या म्हणून येणारे फोन मी वर्षानुवर्षं घेतले होते, आणि त्या फोननंतर डेस्कवर त्या माणसाबद्दल काय बोललं जातं तेही मला माहीत होतं. आम्ही त्यांना लिहिलं ते एवढंच की तुमचं बरोबर आहे, हे असं का होतं ते असं आहे, आणि घाटमाथ्यावरचे कडे आता हाताने काढायला घेतले आहेत. ते हाताने काढणं चांगलंच लांबलं. ट्रेकर भागीदाराने फोटो, जुनी वर्णनं आणि स्वतःची आठवण ताडून कड्यांवर दातेरी काळ्या रेघा ओढल्या. त्यातल्या काही जागा त्या टीकाकारानेच सुचवल्या. नवी आवृत्ती आल्यावर त्याने लेख बदलला नाही, खाली ‘ता. क.’ घालून दोन ओळी वाढवल्या. शीर्षक आजही तेच आहे.

पैशाचा विषय निघालाच नाही असं नाही. एका इंग्रजी टेक संकेतस्थळाकडून दरपत्रक आलं: एवढ्या शब्दांचा लेख एवढ्याला, सोबत ट्विट हवं असेल तर एवढे वाढीव. मी विचारलं, वर ‘जाहिरात’ असं लिहिणार का? उत्तर आलं की आमचे लेख नैसर्गिक वाटतात, हेच आमचं वैशिष्ट्य. अमेरिकेत २००९च्या डिसेंबरपासूनच ब्लॉगवाल्याने वस्तू फुकट घेतली किंवा पैसे घेतले तर वाचकाला सांगितलं पाहिजे अशी तिथल्या व्यापार आयोगाची भूमिका होती. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेची अशी नियमावली यायला २०२१ उजाडलं. पण नियमाची वाट कशाला बघायची? पैसे घेऊन ‘पैसे घेतले’ असं छापणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वर्तमानपत्र तेच करून चालतं. त्या दरपत्रकाला मी उत्तर दिलं नाही. मराठी ट्रेकवाल्यांपैकी कुणी पैसे मागितले नाहीत. एकाने टी-शर्ट विचारला, तो आमच्याकडे नव्हता. ज्यांना अ‍ॅप फुकट दिलं होतं त्यांना मी तेवढं लेखात लिहायला सांगत असे. बहुतेकांनी लिहिलं. काहींना ही विनंतीच विचित्र वाटली: ५० रुपयांत कोण मिंधं होतं!

मोजदाद कशी करायची, यावरही एक खटका उडाला. प्लेच्या दुव्याला एक शेपूट जोडता येतं, म्हणजे कोणत्या ब्लॉगवरून किती जण आले ते कळतं. मी सगळ्यांना असा शेपटीचा दुवा देत होते, आणि त्याचा अर्थही सांगत होते. एकीने ते शेपूट कापून साधा दुवा टाकला आणि कळवलं, ‘माझ्याकडे आलेल्या लोकांची गणती मी स्वतःही करत नाही.’ तिच्या लेखाने आमचं किती खपलं, ते त्यामुळे कधीच कळलं नाही.

बाकीच्यांचं कळलं. माझ्या जुन्या दैनिकात आमच्यावर छान चौकट आली. त्या दिवशी आलेख उभा चढला आणि तीन दिवसांत जमिनीला टेकला. ब्लॉगचा चढ कुठे दिसायचाही नाही. पण आठवडे गेले, महिने गेले तरी तिथून माणसं येतच राहिली, कारण ‘राजगड गुंजवणे चोर दरवाजा’ असं काही गूगलवर टाकणाऱ्याला वर्तमानपत्राची चौकट सापडत नाही, ब्लॉग सापडतो. तो माणूस शुक्रवारी शोधतो आणि शनिवारी निघणार असतो. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि जुन्या लेखांवरून पुन्हा लोक यायला लागले, तेव्हा प्रोग्रामर भागीदाराने अमेरिकेतले सल्ले देणं थांबवलं.

ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती, आणि ते आम्ही सुरू केलं तेव्हाच दिसायला लागलं होतं. गूगलने १ जुलै २०१३ रोजी रीडर बंद केलं. ज्यांच्यापुढे सकाळी पन्नास ब्लॉगांचे नवे लेख एका ठिकाणी येऊन पडायचे, ते वाचक एकदम पांगले. चर्चा फेसबुकच्या गटांत गेली, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर. ब्लॉगवाल्यांचे लेख नाव कापून फिरायला लागले. ‘फॉरवर्ड’ होऊन आपलाच लेख आपल्याला आल्याची तक्रार मी अनेकांकडून ऐकली. काहींनी त्या रागाने लिहिणं थांबवलं, काहींना मुलं झाली. मग छोटे व्हिडिओ आले. भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा बघता बघता इतका गाजला की गर्दी आणि बुडण्याच्या घटना यांमुळे प्रशासनाला पावसाळ्यात तिथे बंदी घालावी लागली. काका त्या वेळी म्हणाले होते तेच तिथे दिसत होतं: येणाऱ्यांपैकी वाडीत कुणालाच कुणी ओळखत नव्हतं. मात्र त्यांना तिथे आणणारा नकाशा नव्हता, वीस सेकंदांचा व्हिडिओ होता. वाट तर त्यात दाखवलेलीच नसते.

आमचं अ‍ॅप काही वर्षं चाललं. पुढे गूगलने जुन्या अ‍ॅपना नव्या अँड्रॉइडप्रमाणे सुधारणं सक्तीचं केलं, तोवर एक भागीदार जर्मनीला गेला होता आणि दुसऱ्याने नाशिकजवळ होमस्टे काढला होता. सुधारायला कुणी बसलं नाही.

हल्ली अधूनमधून एखाद्या नव्या कंपनीतून फोन येतो. मुलं हुशार असतात, घाईत असतात. ‘मॅडम, तुमच्याकडे ट्रेकिंगवाल्यांची लिस्ट आहे म्हणे. ईमेल आयडी शेअर कराल का?’ तक्ता अजून माझ्याकडे आहे, पण मी देत नाही. लोकांनी ते पत्ते मला दिले होते, आणि तसंही त्यातला ‘शेवटचं काय लिहिलं’ हा रकाना दहा वर्षं जुना आहे. त्याच्याशिवाय उरलेल्या तक्त्याला किंमत नाही. गेल्या वर्षी एकाने नेटाने पुन्हा विचारलं, मग मी सुरुवात कुठून करू? त्याचं अ‍ॅप घाटवाटांचं होतं. अजून लिहिणाऱ्या तिघांचे ब्लॉग त्याला कळवले, सगळे लेख मागून पुढे वाच म्हणून सांगितलं, आणि जुलैत मुलुंडला जा म्हटलं. ‘तिथे स्टॉल लावता येतो का?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, पहिल्या वर्षी नको लावूस, नुसता जाऊन बस.